मोठ्या गाडीची वकिली

वकिलाने जुन्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बॉनेटवर थाप दिली आणि गाडी ठणठणीत असल्याचा निकाल दिला.

शोरूममध्ये सगळे त्याला वकील म्हणत, कारण कोणतीही गाडी समोर करा, तो तिची बाजू मांडायचा. आज एक बाप आणि लेक जुनी मोठी गाडी देऊन नवी घ्यायला आले होते.

पुढचा बंपर तेवढा नवा दिसतोय, वकील म्हणाला. थोडं लागलं होतं, बाप म्हणाला.

"असल्या गाडीला थोडं लागलं तर काय होतंय? रणगाडा आहे हा. आतल्याच्या केसालाही धक्का लागत नाही."

"नाही लागत," बापाने कबूल केलं.

लेकीचे दिवस भरत आले होते. आत येताच ती खुर्चीवर टेकली आणि मधोमध उभ्या असलेल्या उंच, रुंद गाडीकडे बोट दाखवलं. बाप मात्र सरळ कोपऱ्यातल्या लहान गाडीपाशी गेला, गुडघे मोडून मागच्या बाजूला बसला आणि तिचा बंपर जमिनीपासून किती वर आहे ते वितीने मोजू लागला. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग गाणी कशी वाजतात ते बघतं. बंपरखाली डोकं घालणारं गिऱ्हाईक वकिलाने पहिल्यांदाच पाहिलं.

बाबांची सगळी नोकरी यातच गेली, लेकीने सांगितलं. चाचणीसाठी गाड्या एकमेकींवर आदळायच्या आणि आतल्या पुतळ्यांचं काय झालं ते बघायचं.

"म्हणजे गाड्या ठोकायचा पगार!" वकील हसला. लेकही जरा हसली.

मग काय, आयताच साक्षीदार मिळाला. सरांनीच समजावून सांगावं, असं वकिलाने सुचवलं. बापानेही आढेवेढे न घेता सांगितलं. लहान गाडीचा मजबूत भाग खाली असतो, मोठीचा वर. टक्कर झाली की ते दोन भाग एकमेकांना भिडतच नाहीत. मोठी वरून चढते आणि थेट माणसापर्यंत पोचते. शिवाय जड गाडी, त्यात सामान भरलेलं असलं तर लवकर थांबत नाही.

"मिटलंच की मग. ताईंनी कुठल्या गाडीत बसावं, सर?"

"मोठीत," बाप म्हणाला. "पण घ्यायची लहान."

वकिलाला काही कळेना. आपलाच साक्षीदार असा उलटलेला त्याला खपत नसे. त्याने लेकीकडे पाहिलं.

लेकीने हळू आवाजात सांगितलं. आईला दुसऱ्याने चालवलेली गाडी लागायची. बसल्या बसल्या मळमळायचं. स्वतः चालवली की काही नाही. म्हणून घरात दोन गाड्या, आईची लहान आणि बाबांची मोठी. लांब जायचं असलं की दोन्ही निघत. आई पुढे, बाबा मागे, हा बाबांनीच घातलेला नियम. मागून कोणी धडक दिलीच तर ती मोठीला बसावी.

"पाठराखण म्हणायची," वकील म्हणाला.

"आई त्या लहान गाडीतच गेली. गेल्या उन्हाळ्यात."

वकिलाने जीभ चावली. त्याला खरंच वाईट वाटलं. पण वकिली अंगात मुरलेली. राग मानू नका सर, तो म्हणाला, पण काकू मोठीत असत्या तर आज तुमच्याबरोबर इथे असत्या.

बापाने लहान गाडीच्या बंपरला पुन्हा वीत लावली.

"बाबा, मला आईसारखं जायचं नाहीये," लेक म्हणाली. "बाळ असणार आहे माझ्याबरोबर."

"ती भीती मला रोजच आहे, बाळा. पण रस्त्यावर दुसरीही वेळ येते माणसावर. ती तुझ्यावर आलेली मला बघवणार नाही."

लेकीने मान खाली घातली आणि ओढणीने डोळे टिपले. दुसरी वेळ कसली, हे काही वकिलाच्या डोक्यात शिरलं नाही. त्याने दोघांसाठी पाणी मागवलं आणि नेमकं काय झालं होतं, असं जपून विचारलं.

"रस्त्यात कुत्रं आलं," बाप म्हणाला. "तिने ब्रेक मारला. तिची गाडी जागच्या जागी थांबली. मागची थांबली नाही."

वकिलाचं डोकं तापलं. लोक डोळे मिटून गाड्या हाकतात, असल्यांना मोकळं सोडता कामा नये, असं तो बरंच काही बोलला. मग त्याने विचारलं, "सापडला का तो?"

"तिथेच होता."

"त्याला काही झालं?"

"केसालाही धक्का लागला नाही."

"आणि त्याची गाडी?"

बापाने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि काचेतून बाहेर पाहिलं.

"बंपर बदलावा लागला. बाकी ठणठणीत आहे. मघाशी तुम्हीच म्हणालात."