खुडलेले शेंडे

शेजारणीच्या ओट्यावर तेलाच्या डब्यातलं रोप बघून भास्करराव थबकले. जांभळं पान, केशरी काठ! घरामागच्या नर्सरीत पाच वर्षं खपून तयार केलेला त्यांचा शोभेच्या पानांचा नवा कोलियस उद्याच्या उन्हाळी प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांना दिसायचा होता. पुढे चालले, तर घराघरापुढे तोच.

घरी येऊन ते बायकोवर कडाडले, "माझं झाड चोरलंय कुणीतरी!"

"चोरलं कसलं? शेंडे खुडत जा, झाड भरतं, असं तुम्हीच सांगितलंत ना? खुडलेले फेकवेनात मला. पाण्यात ठेवले तर मुळं फुटली, मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटले. सगळ्याजणी झाडाचं नाव विचारत होत्या. मी आपलं तुमचंच सांगितलं."

प्रदर्शनासाठी रंगवून आणलेली पाटी भास्कररावांनी पिशवीतून काढून तिच्यापुढे धरली.

पाटीवर होतं, 'वत्सला'. तिचं नाव.