कार्डं बंद करणारी टिल्ली

कपडे विकणाऱ्या त्या साइटवरून गिऱ्हाइकांच्या क्रेडिट कार्डांची माहिती चोरीला गेली असावी, अशी बातमी आली आणि टिल्लीच्या घरात धांदल उडाली. आई, मावशी आणि शेजारच्या काकू, तिघींनीही तिथून खरेदी केली होती.

“एका ड्रेसपायी माझं दिवाळं निघणार,” मावशीने कपाळाला हात लावला.

“हातपाय गाळू नका. कार्डं द्या इकडे,” टिल्ली म्हणाली. एरवी तिच्या हाती टीव्हीचा रिमोटसुद्धा कुणी देत नसे.

प्रत्येक कार्डामागे छापलेला बँकेचा नंबर तिने स्वतः लावला. आईचं कार्ड बंद झालं, एक पैसाही न जाता. फोनवरची बाई किंचित खोकली. “शाब्बास. पुढचं?”

मावशीची बँक वेगळी होती, पण आवाज तोच आणि खोकलाही तोच. काकूंची बँक तिसरीच. तिथेही तीच बाई.

टिल्लीला आता कशाचीच फिकीर नव्हती. तिन्ही कार्डं सुखरूप बंद झाली होती.

“पोरगी आहे की तोफ,” काकू म्हणाल्या, तशी टिल्ली बसल्या जागी वीतभर उंच झाली.

“सगळ्यांचं झालं,” तिने फोनवर ऐटीत सांगितलं.

बाई खोकली. “दाराशी उभ्या आहेत, त्यांचं तेवढं राहिलं.”

“या ना आत, लाजताय काय,” टिल्लीने वर न बघताच हात पुढे केला. तळहातावर कार्ड पडलं, बर्फासारखं गार.

मग तिने मान वर केली. तिघी सोफ्यावर बसून कौतुकाने तिच्याकडे बघत होत्या. दाराला आतून कडी होती.