टाकीची तपासणी

वेलचेरीतल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी सत्यनारायणराव तीस वर्षं केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाले होते, त्यामुळे त्यांना टाकी धुण्यापेक्षा पाणी समजावून सांगणं सोपं जाई.

कीर्ती नळाचं पिवळं पाणी बाटलीत भरून त्यांच्या दारात उभी राहिली. "काका, हे बाळाला कसं पाजू?"

"अय्यो, जे भेटेल ते पोटात विरघळवून घेणं हा पाण्याचा गुणधर्मच आहे, गं. त्यात टाकीचा काय दोष?"

"आणि वास?"

"तोही विरघळलेलाच!"

बाळाचं पोट बिघडलं, तेव्हा कीर्तीने थेट कॉर्पोरेशनला फोन लावला. दुसऱ्याच दिवशी तपासणीला बाई आल्या. त्यांनी टाकीत डाव बुडवून वर काढला, तर डावभर अळ्या वळवळत होत्या. तसा शेरा लिहून त्यांनी कागद सत्यनारायणरावांच्या हातात ठेवला. चला, आता तरी टाकी धुतली जाईल, म्हणून कीर्तीने सुटकेचा नि:श्वास टाकला.

संध्याकाळी नोटीस बोर्डावर वळणदार अक्षरात सूचना लागली:



"आपल्या टाकीतील पाण्यात सजीव उत्तम वाढतात, हे कॉर्पोरेशनच्या तपासणीत सिद्ध झाले आहे. रहिवाशांनी निश्चिंतपणे प्यावे."