पूजेआधीचं बोलणं

मी पूजेआधी कुणाशी बोलत नाही, हे बागेच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. रोज पास बघून तो मला आत सोडतो, मी बेलाची पानं घेऊन परतते. आज फाटकावर पलीकडच्या वस्तीतल्या मैमुनाचाची उभ्या होत्या. इथं नुसता माळ होता तेव्हा स्वतःच्या शेळ्यांपासून राखत त्यांनीच तो बेल वाढवला. “पास दाखवा, चाची.” “घरपट्टीची पावती बघून पास देतात. आमच्या झोपड्यांना कुठली घरपट्टी? घडीभर बेलाखाली बसू दे, बेटा.” “तुमच्या वस्तीत बसा की.” “तिथं झाड कुठंय?” बारा वर्षांचा नेम मोडून मी वॉचमनला बोलले, “माझ्या पासवर यांना सोडा.” “अक्का, तुमी बोललात व्हय!” तो हसला. “तुमी जावा. त्यांचं न्हाय जमायचं.” नेम फुकटच मोडला. चाची म्हणाल्या, “बेटी, आत चाललीस तर बेलाच्या आळ्यात पाणी हाय का बघ.”