सावली नसलेली नवरी

थोरल्या बहिणीची जपानी धर्तीची मंगा चित्रकथा म्हणजे धाकटीचा जीव की प्राण. आगीत गेलेली एक शिंपीण परक्या राज्यात राजाची नवरी होऊन पुन्हा जन्माला येते, अशी ती गोष्ट. थोरली रेषा काढायची आणि धाकटी त्यांत काळी शाई भरायची. त्या नवरीला सावली नव्हती, कारण ती मागच्या जन्मातच राहून गेली होती. ताईला हे सुचतं तरी कसं, याचं धाकटीला भारी कौतुक वाटे.

त्या दुपारी लग्नाचं पान पुरं झालं. थोरली टेबलाशी येऊन बघतच राहिली.

"काय हात आहे गं तुझा," ती म्हणाली. "सावली तर अगदी जिवंत उतरलीये. पण नवरीला सावली द्यायची नाही, असं ठरलं होतं ना आपलं?"

"मी नाही दिली, ताई."

"मग काय मी दिली? असू दे. इतकी सुरेख आहे, की खोडवत नाही."

ती चहा टाकायला आत गेली. धाकटी पानावर वाकली. चित्रातल्या संगमरवरी फरशीवर पडलेली नवरीची ती सावली खरंच देखणी होती. पण नवरीच्या डोक्यावर मुकुट होता आणि सावलीच्या डोक्यावर नव्हता. सावलीचे केस मानेवर बांधलेले होते, धाकटीसारखे. सावलीच्या हातात ब्रश होता.

खिडकीतलं ऊन थेट टेबलावर येत होतं. शाईच्या बाटलीची सावली कागदाशेजारी पडली होती. धाकटीच्या हाताची कुठेच नव्हती.

तिने ब्रश सावकाश खाली ठेवला.

चित्रातल्या सावलीने मात्र ठेवला नाही.