तिसऱ्या अंकाची तालीम

दुपारी तीन वाजता इनायतने डोमाच्या डोक्यावर रॉकेलचा डबा चढवला आणि मानेमागे तारेला पीळ दिला. पत्र्याचं काम करणाऱ्या इनायतनेच तो डबा कापून यंत्रमानवाचं डोकं केलं होतं. डोळ्यांपाशी दोन भोकं, तोंडापाशी जाळी; हातांच्या बोटांनाही पत्र्याची टोपणं.

"तंग तो नाई होत?"

"नाई, भाऊ."

कान पत्र्याला घासत होता. पण डोमा पहाटेपासून धानाच्या चुरण्यावर, मळणीच्या बैलांमागे फिरला होता, पाय भरून आले होते. डब्यात निदान लोकांसमोर चेहरा सावरून धरावा लागत नव्हता.

मंडईचं, म्हणजे गावच्या जत्रेचं नाटक त्याच रात्री होतं आणि तिसरा अंक अजून बसला नव्हता. नाटक गावच्या गुरुजींनी लिहिलेलं. एक धनी विचार करणारं यंत्र विकत आणतो. ते झोपत नाही, जेवत नाही, सांगितलं ते करतं. शेवटी धनी त्याला स्वतःसारखं दुसरं यंत्र घडवायला सांगतो, आणि ते पहिल्यांदाच 'नाही' म्हणतं. पडदा. धन्याचं काम बापूजी पाटील करत होते. मांडव त्यांचा, गॅसबत्त्या त्यांच्या, आणि डोमाही त्यांचाच सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी.

"नागपूरच्या पेपरात आलं आहे," गुरुजी म्हणाले. "विचार करणाऱ्या यंत्रावर विलायतेत संशोधन चाललं आहे. मी तर आधीच लिहून ठेवलं होतं."

"विचार करून काय करते ते?" बापूजींनी पानाला चुना लावला. "गडी विचार करू लागला का काम थांबते. आन मशीन नाई म्हनत असन, तं इकत कोन घेईन, गुरुजी?"

"तिथंच तर नाटक आहे, बापूजी."

बापूजी उभे राहिले. "तुझ्यासारखंच दुसरं घडव. उद्या सकाळी मला ते कामावर पाहिजे."

"जी, मालक," डब्यातून आलं.

मांडव बांधणारे हसले. गुरुजींनी पुस्तक मांडीवर आपटलं. "डोमा, 'नाई' म्हणायचं आहे रे!"

पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. तोंड उघडलं की 'जी' आपसूक बाहेर पडत होतं.

"राहू द्या," बापूजी म्हणाले. "त्याच्या बापालेबी जमलं नाई ते. 'जी'वरच पाडा पडदा."

सकाळी खळ्यावर बापूजींनी डोमाला जाता जाता सांगितलं होतं, उद्यापासून पोचूले ढोरामागं धाडजो, शाळेत काय ठेवलं आहे. पोचू डोमाचा पोरगा. तिसरीत होता, पाटीवर बापाचं नाव काढायचा. तेव्हाही डोमाच्या तोंडून 'जी' निघून गेलं होतं. घरी बायकोला, आशाबाईला हे अजून सांगायचं होतं.

"एकदा अजून," गुरुजी थकून म्हणाले.

बापूजींनी जांभई दिली. "तुझ्यासारखंच दुसरं घडव. उद्या सकाळी मला ते कामावर पाहिजे."

डब्यातला श्वास गरम झाला होता, त्याला रॉकेलचा वास होता.

"नाई."

आवाज पत्र्यात घुमला. मांडवातली ठोकाठोक थांबली.

"वा!" गुरुजी उठलेच. "पडदा! जमलं!"

"जमलं बा एकदाचं." बापूजींनी उपरणं झटकलं. "चाल, आता ढोरं येतीन, गोठा पाह्य. आन पोचूले सकाळीच धाडजो, उशीर नोको करू."

"नाई."

बापूजी हसले. मग गुरुजींकडे वळले. "हे कुठी लिहिलं आहे?"

गुरुजींनी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. "पडदा पडला, बापूजी. पुढं काही नाही."

बापूजी डब्याजवळ आले आणि वाकून आत पाहू लागले. भोकापाशी त्यांचा डोळा आला. इतक्या जवळून डोमाने तो कधी पाहिला नव्हता. म्हातारा डोळा होता, कडेला पाणी साचलेला.

"डबा काढ," ते हळूच म्हणाले. "आन मंग म्हन."

डोमाचे हात मानेमागे गेले. बोटांवरच्या पत्र्यामुळे तार सापडेना. इनायत पक्कड घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"हिलू नको, भाऊ," तो डब्याला तोंड लावून म्हणाला. "खोलू का? का राहू देऊ रातपर्यंत?"

डब्यातून आवाज आला.

"खोल."

पक्कड लागली. पहिला पीळ सुटला आणि गळ्यापाशी गार वारा शिरला. दुसरा पीळ अजून घट्ट होता. बापूजी जागचे हलले नव्हते. गुरुजींच्या हातात ते कोरं पान तसंच उघडं होतं.