वरची खिडकी

कुलूपवाला उभा राहिला आणि मास्तरांच्या बायकोबद्दल बोलू लागला.

त्यात वावगं काही नव्हतं; तीही त्याच वर्गात शिकत होती आणि आज त्याच्या जोडीला होती. मोठ्या माणसांच्या त्या इंग्रजीच्या वर्गाचा रिवाजच तसा होता आणि तो मास्तरांनीच पाडलेला. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं, एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि मग उठून स्वतःबद्दल नव्हे, समोरच्याबद्दल सांगायचं. सगळं इंग्रजीत. स्वतःबद्दल बोलताना लाजणारी माणसं दुसऱ्याबद्दल मोकळेपणी बोलतात, असं मास्तरांना वाटत असे.

"तिला उंचावर चढायला आवडतं," कुलूपवाला म्हणाला. एकेक इंग्रजी शब्द तो किल्ली लावून बघावी तसा लावून बघत होता. "लहानपणी ती पाण्याच्या टाकीवर चढली. शिडीवरून. वर बसून सगळं गाव बघितलं. खाली आल्यावर आईनं मारलं. पण तिला अजून चढावंसं वाटतं."

वर्ग हसला. बायकोही हसली, अगदी मोठ्यानं.

मास्तरांना हसू आलं नाही. घरी वरच्या फळीवरचा डबा हवा असला की ती हाक मारायची, "अहो, जरा येता का? माझा हात पुरत नाही." मग मास्तर पुस्तक पालथं ठेवायचे, स्टुलावर चढायचे आणि डबा काढून द्यायचे. संसारात आपलाही काही उपयोग आहे असं त्यांना फार थोड्या वेळा वाटे, त्यातली ही एक वेळ. टाकीचं त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि हा माणूस, दिवसभर लोकांची अडकलेली दारं उघडत फिरणारा, बसल्या बसल्या टाकीवर जाऊन आला होता.

"दोन ठिकाणी क्रियापद चुकवलंत," मास्तर म्हणाले.

"हो सर," कुलूपवाला म्हणाला आणि तरीही खुशीत बसला.

मास्तरांनी खडू ठेवला. "आता जोड्या बदलू या."

एकाच तासात जोड्या बदलायची पद्धत नव्हती. पण मास्तरांनी कुलूपवाल्याला उठवलं आणि ड्रायव्हरकाकांच्या जोडीत तिसरा म्हणून बसवलं.

"मास्तर, आमच्या गाडीत जादा प्रवासी घेत नाहीत हं!" ड्रायव्हरकाका ओरडले. ते निवृत्त झाले होते, पण गाडी सुटली नव्हती.

मास्तर कुलूपवाल्याच्या खुर्चीत बसले. खुर्ची अजून उबदार होती.

"तुला काय आवडतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मला आवडतं..." ती डोळे बारीक करून शब्द शोधू लागली. "सकाळी, सगळे उठायच्या आधी..."

"उच्चार. जीभ दातांच्या मध्ये."

तिनं जीभ दातांमध्ये धरली आणि पुन्हा सुरुवात केली. त्यांनी पुन्हा अडवलं. एक छोटा शब्द राहून गेला होता. तिसऱ्यांदा ती जरा थांबली आणि मग भराभर म्हणाली, "मला चहा आवडतो. मला बागकाम आवडतं."

धड्यात हेच छापलं होतं. त्यांच्या घरी साधी कुंडीसुद्धा नव्हती.

"आणि तुम्हाला?" तिनं विचारलं.

"आधी तुझं नीट येऊ दे." मग त्यांनी इंग्रजी सोडली, आवाज खाली आणला. "सकाळचं काय म्हणत होतीस?"

"वर्गात इंग्रजीतच बोलायचं ना, सर?"

वर्गात ती त्यांना सरच म्हणायची, बाकीच्यांसारखी. इतके दिवस ते कानाला गोड लागलं होतं.

तिची पाळी आली तेव्हा ती सरळ उभी राहिली.

"माझ्यासमोर शिक्षक बसले होते," ती म्हणाली. "ते चांगले शिक्षक आहेत. त्यांनी माझ्या चुका दुरुस्त केल्या. त्यांना काय आवडतं, ते मला कळलं नाही."

मास्तर चूक शोधत राहिले. एकही नव्हती.

"बरोबर आहे ना, सर?"

"बरोबर," मास्तर म्हणाले.

वर्ग सुटला. बायकोनं फळा पुसला, खुर्च्या ओळीत लावल्या आणि रोजच्यासारखं म्हणाली, "अहो, तेवढी वरची खिडकी लावता?"

दाराशी कुलूपवाला पिशवी आवरत होता. त्यानं मान वर केली. हसू दाबताना त्याच्या मिशा हलल्या. मास्तरांनी ते बघितलं.

ते कोपऱ्यातलं स्टूल घेऊन आले. खिडकीखाली ठेवलं. आणि चढायचं सोडून खाली वाकले, स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या.

"चढ."

"मी?"

"हं."

कुलूपवाला पुढं आला. "सर, ते स्टूल डुगडुगतं. मी धरू का?"

"मी धरलंय." आवाज जरा चढलाच. "तुम्ही निघा."

बायकोनं चपला काढल्या. कशाचाही आधार न घेता, मास्तरांच्या खांद्याचाही नाही, ती वर चढली. खिडकीला हात लावला, पण ती ओढून घेतली नाही. बाहेर बघत राहिली. खालून मास्तरांना फक्त तिच्या टाचा दिसत होत्या. त्या हळूच वर उचलल्या गेल्या.

"काय दिसतंय?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा हो," ती वरून म्हणाली. "आधी बघू तर द्या."

मास्तरांचे हात भरून आले. स्टूल त्यांनी सोडलं नाही.